काबरीचा आषाढ

आषाढी एकादशी होती. दुपारभर पाऊस कोसळत होता. पाचच्या सुमाराला जरा उघडीप मिळाली, म्हणून मी कोंबड्या परसात सोडल्या. परसाला जाळी मारलेली आहे, तिला एक दार आहे आणि दाराला कडी. मी दार लोटलं आणि टीव्हीवर पंढरपूर दाखवत होते ते बघायला आत गेले. कडी घातली नव्हती.

कोंबड्या ओरडतात तेव्हा सगळं ओरडणं सारखं नसतं. अंडं घातल्यावरचं वेगळं, घार दिसल्यावरचं वेगळं. त्या दिवशी जे ऐकलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. धावत गेले तर काळ्या दारातून बाहेर पडत होता आणि त्याच्या तोंडात काबरी होती. मी किंचाळले. त्याने तिला टाकलं आणि शेपूट घालून पळाला. काळ्या म्हणजे आमच्या आळीतला कुत्रा. त्याला रोज सकाळी शिळी भाकरी मीच टाकते.

काबरी मात्र तिथे नव्हती. टाकल्या जागी नुसती पिसं. बाकीच्या पाच भिंतीवर चढून बसल्या होत्या. मी आणि मुलगी पावसाच्या भुरभुरीत वीस मिनिटं शोधत होतो. शेवटी मुलीला सापडली, सरपणाच्या रचलेल्या लाकडांमागे. डोकं फटीत खुपसलेलं, अंग बाहेर, आणि अजिबात हालचाल नाही. मेली असंच वाटलं मला. उचलली तर हाताला चटका बसावा इतकी गरम होती. माणसाचं अंग 37 अंशाला असतं, कोंबडीचं एरवीच 41-42 च्या आसपास. त्या ओल्या गारठ्यात ती ऊब हाताला लागली आणि मला रडू आलं, कारण ऊब होती म्हणजे ती होती.

ओटीवर आणून बघितलं. शेपटीच्या वर पाठीची कातडी तळहाताएवढी फाटून बाजूला लोंबत होती आणि खाली लालभडक मांस उघडं पडलं होतं. डाव्या पंखाखाली दोन भोकं, सुळ्यांची. कोंबडीची कातडी इतकी पातळ असते हे मला माहीत नव्हतं. कांद्याच्या आतला पापुद्रा असतो ना, तशी. आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, साफ केल्या, शिजवल्या, पण जिवंत कोंबडीची कातडी पिसं बाजूला करून मी कधी पाहिलीच नव्हती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "ही नाही गं राहत. आज एकादशी आहे, नाहीतर आत्ताच सोडवली असती. उद्या द्वादशीला बघू."

बाहेरच्या माणसाला हे बोलणं कठोर वाटेल. मला वाटलं नाही, कारण त्यामागे काय आहे ते मला ठाऊक आहे. माझं लग्न व्हायच्या आधी एका उन्हाळ्यात या घरातल्या सगळ्या कोंबड्या मानमोडीने गेल्या. राणीखेत म्हणतात तो रोग. माना वाकड्या होऊन, हिरवं शिटत, तीन दिवसांत एकूण एक. आत्यांनी एकेक उचलून परसाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरली. ज्या बाईने हे केलं आहे, ती "सोडवणं" हा शब्द वापरते तेव्हा तिला सोडवणंच म्हणायचं असतं. आणि खरं सांगायचं तर ती वाटही खोटी नाही. तडफडत ठेवण्यापेक्षा ती बरी, असं म्हणायची वेळ येते.

पण एकादशीला आमच्या घरात सुरी चालत नाही. म्हणून काबरीला एक रात्र मिळाली.

त्या रात्री काय केलं ते नीट सांगते, कारण मला तेव्हा कोणी सांगायला हवं होतं. पहिली गोष्ट ऊब आणि अंधार. घाबरलेल्या कोंबडीला औषधाच्याही आधी हे लागतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं धोतर अंथरलं, वर अर्धं झाकण ठेवलं. एका कडेला पिवळा बल्ब लावला, तोही असा की तिला नको वाटलं तर दुसऱ्या कडेला सरकता यावं. साडेसातला वीज गेली. आषाढात भाटघरच्या या बाजूला वीज जाणं नवीन नाही. मग बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली आणि दर दोन तासांनी बदलली.

जखम धुवायला मिठाचं पाणी. एक लिटर पाणी उकळून गार केलं आणि त्यात नऊ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे मीठ. सुई नसलेल्या सिरिंजने हळूहळू सोडत राहिले, माती, पिसं, लाकडाचा भुसा सगळं वाहून जाईपर्यंत. मुलगी मोबाईलचा उजेड धरून होती. तिचा हात एकदाही हलला नाही. लोंबणारी कातडी पाण्याने मऊ झाली तशी बोटाच्या टोकाने सरकवून जागेवर बसवली. कापली नाही. पुढे डॉक्टर म्हणाले, ते बरं केलंत. मग बीटाडीन, पण पाण्यात मिसळून कोऱ्या चहाइतकं फिकं करून. हळद आणि खोबरेल तेल लावायचा माझा विचार होता, आमच्याकडे प्रत्येक जखमेला तेच लावतात. आत्यांनीच अडवलं. "तेल नको. पिसं चिकटली की गारठून मरेल." पिसांच्या मधल्या हवेनेच पक्ष्याची ऊब टिकते, तेलाने ती पिसं चिकटून बसतात, हे मी नंतर वाचलं. आत्यांना ते वाचावं लागलं नव्हतं.

पाणी पाजताना मात्र माझ्या हातून मोठी चूक होणार होती. चोच उघडून चमच्याने आत ओतायला गेले. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. ओतलेलं पाणी सरळ तिथे जातं आणि ती बुडून मरते, कोरड्या खोक्यात बसल्या बसल्या. नशीब की तिने मान झटकली आणि पाणी सांडलं. मग गुळाच्या पाण्यात बोट बुडवून एकेक थेंब चोचीच्या कडेला लावला. थेंब आत ओढला गेला आणि तिने गिळलं. दुसरा. तिसरा. रात्री अकरा ते एक मी हेच करत बसले होते.

त्या दोन तासांत मी तिचे पाय बघत होते. पिवळेजर्द, खवल्याखवल्यांचे. हे पिवळे पाय कुठून आले याची एक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या असं डार्विनपासून मानत आले होते. पण तांबड्या रानकोंबड्याचे पाय पिवळे नसतात. 2008 साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी दाखवलं की पिवळ्या कातडीचा गुण आला तो राखी रानकोंबड्याकडून. आणि राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला. रायरेश्वराच्या बाजूच्या रानात पहाटे तुटक तुटक ओरडतो ना, तोच. जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत त्याचा अंश आहे. मेणबत्तीच्या उजेडात ते पाय बघताना मला वाटलं, ही काही बाजारातून तीनशे रुपयांना आणलेली वस्तू नाही. हिचे पाय या डोंगरातले आहेत.

सकाळी मी खोक्याचं झाकण काढलं तेव्हा ती बसलेली होती. डोळे उघडे. आत्या आल्या, बघून गेल्या, आणि सुरीचा विषय त्यांनी काढला नाही. चुलीपाशी जाऊन म्हणाल्या, "तांदळाच्या कण्या मऊ शिजवते थोड्या."

आठ वाजता तिला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. कोणता ते लिहीत नाही. तिथे टेबलाशी बसलेल्या माणसाने टोपलीत डोकावून विचारलं, "ताई, कोंबडीसाठी आलात? किती किलोची आहे? कापून टाका ना." बाजूला म्हैस घेऊन आलेले दोघं हसले. मला राग आला, अजूनही येतो. म्हशीची किंमत लाखात असते, कोंबडीची शेकड्यात, हे मला कळतं. पण जखम झालेल्या जनावराला दुखतं ते त्याच्या किमतीच्या हिशोबाने नाही दुखत.

मी तशीच परत फिरले. मग गावातल्या एकाने नंबर दिला, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एका तरुण डॉक्टरांचा. फोन केला, जखमेचे फोटो पाठवले. त्यांचा पहिला प्रश्न जखमेचा नव्हताच. "बाकीच्या कोंबड्या ठणठणीत आहेत ना? एकदम मरतूक वगैरे नाही ना?" 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला, तेव्हा पोल्ट्रीतल्या लाखो कोंबड्यांबरोबर परसातल्याही मारल्या गेल्या. पांढऱ्या पोशाखातली माणसं घरोघर जाताना टीव्हीवर पाहिलेली मला आठवतात. म्हणून डॉक्टर आधी ते विचारतात. एकदम अनेक कोंबड्या मेल्या तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं, हे त्यांनी मला त्याच फोनवर बजावलं. आमच्या पाचही ठीक होत्या.

संध्याकाळी ते स्वतः आले. त्यांनी तिला धरलं तेव्हा मी धरणं म्हणजे काय ते शिकले. पंख अंगाशी, पाय बोटांच्या मध्ये, आणि छाती मोकळी. "छाती कधी आवळायची नाही. हिला आपल्यासारखा पोटातला पडदा नसतो. छातीचं हाड पुढेमागे हलतं तेव्हाच श्वास चालतो. घट्ट धरलंत तर गुदमरते, आणि ओरडताही येत नाही तिला." त्या रात्री मी तिला कितीदा छातीशी घट्ट धरलं होतं ते आठवून पोटात गोळा आला. पंखाचं हाड शाबूत होतं. मोडलं असतं तरी पक्ष्यांची हाडं तीनेक आठवड्यांत सांधतात, ते म्हणाले. भीती सुळ्यांच्या भोकांची होती. वरून बारीक दिसतात, आत घाण खोल गेलेली असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन केलं, एक किलो तीनशे भरली, आणि त्या वजनाच्या हिशोबाने पाच दिवसांचं औषध दिलं. तोवर आणि त्यानंतरही काही दिवस अंडी खायची नाहीत. त्यांनी पैसे घेतले ते फक्त औषधाचे.

पुढचे दिवस मी शिकले ते बघणं. औषध दिवसातून दोनदा, त्याला पाच मिनिटं लागत. बाकी सगळा वेळ बघणं. कोंबडी दुखणं दाखवत नाही. रानात दुखणाईत दिसणारं पाखरू आधी मारलं जातं, म्हणून शेवटपर्यंत ती बरी असल्याचं सोंग करते, आणि सोंग सुटतं तेव्हा उशीर झालेला असतो. तेव्हा विचारायचं ते तिच्या शिटेला. हिरवी पातळ असली तर पोटात काही नाही, नुसतं पित्त पडतंय. घट्ट आणि वर पांढरं टोक असलं तर चाललंय ठीक. आणि गळ्याखालची पिशवी. रात्री झोपताना ती भरलेली हवी आणि सकाळी रिकामी. आत्या हे बोटांनी चाचपून सांगायच्या, अंधारातसुद्धा. "भरलीय. निजू दे आता."

तिसऱ्या दिवशी तिने स्वतः खाल्लं. कण्या नाहीत, उकडलेलं अंडं कुस्करून ठेवलं होतं ते. कोंबडीला अंडं खायला घालायचं हे आत्यांना अजिबात पटलं नाही. त्या तोंड फिरवून गेल्या. पण कातडी भरून यायला तिला तेच हवं होतं.

चौथा दिवस मात्र मी विसरणार नाही. पावसाळ्यात माश्यांचं किती असतं ते सांगायला नको. खोक्यावर मच्छरदाणीचं कापड बांधलं होतं, तरी औषध देताना दोन मिनिटं उघडंच राहायचं. त्या सकाळी जखमेच्या कडेला, पिसांच्या मुळाशी, मला पांढरा पुंजका दिसला. तांदळाच्या कणीहून बारीक, एकाला एक चिकटलेले लांबुळके दाणे. माशीची अंडी. उकाड्यात एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात आणि अळ्या पडल्या की कोंबडी आतून खाल्ली जाते. भुवया कोरायचा चिमटा घेतला, उकळून. तिचं डोकं मुलीने फडक्याखाली झाकलं, अंधार केला की ती शांत बसते. मी एकेक दाणा काढत गेले. सव्वा तास. पिसाच्या प्रत्येक देठाशी, पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी, जिथे तेलाची गाठ असते तिथपर्यंत. काढून मिठाच्या पाण्यात टाकले. त्या वेळात काबरी एकदाच बोलली, घशातल्या घशात, पिल्लांशी बोलतात तसं. मुलीने मला विचारलं, "दुखतंय का तिला?" मी खोटं बोलले नाही. "दुखत असेल. पण जायची नाही ती आता." हे मी कशाच्या जोरावर म्हटलं मला माहीत नाही.

नंतरचे दिवस सोपे गेले. जखमेवर आधी ओलसर पिवळी साय धरली, मग ती वाळून तपकिरी खपली झाली. खपलीच्या कडेने गुलाबी कातडी रोज थोडी थोडी आत सरकत होती, ओल्या अंगणाला ऊन लागलं की ते कडेकडेने सुकत येतं तशी. पंधरवड्यात तळहाताएवढ्या जखमेची रुपयाएवढी झाली. पक्ष्यांचं अंग इतकं झटपट भरून येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग गटारी आली. आषाढ अमावास्या, दिव्यांची. उद्यापासून श्रावण. दीर आणि जाऊबाई येणार होते, चिकन आणलेलं होतं, बॉयलर. मी कांदा-खोबरं भाजत होते आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे पडवीत काबरी खोक्यात होती. जाऊबाई म्हणाल्या, "एवढं तिचं केलंत, आणि हे कसं शिजवता?" त्या टोचून बोलल्या नाहीत, खरोखरच विचारत होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. बॉयलरचं आयुष्य सहा आठवड्यांचं असतं. पातेल्यातलं ते पाखरू काबरीच्या दुखण्याच्या जेमतेम दुप्पट दिवस जगलं होतं. त्याला कोणी काळोखात थेंब थेंब पाजलं नव्हतं. रस्सा मी केला, वाढला, आणि खाल्लाही. या दोन गोष्टी माझ्या घरात एकाच वेळी आहेत आणि त्या एकमेकींशी जुळवून दाखवण्याचा खोटेपणा मला करायचा नाही. आत्या पाटावर बसल्या होत्या, त्या इतकंच म्हणाल्या, "हाताने भरवलेली कापायची नसते. बाकीचं ज्याचं त्याने बघावं."

त्याच दिवशी संध्याकाळी दिवे लावून झाल्यावर काबरीची पाठ बघितली तर गुलाबी कातडीच्या कडेने निळसर काळे खुंट उभे राहिले होते. पेन्सिलीच्या शिशाएवढे, टोकाशी बंद. नवी पिसं. त्या खुंटात रक्त वाहत असतं, म्हणून तिथे हात लागला तरी तिला सहन होत नव्हतं. चारपाच दिवसांनी ती स्वतःच चोचीने त्यांची वरची टोपणं कुरतडायला लागली. खोक्यात पांढरा कोंडा पडायचा आणि खुंटातून पीस उलगडायचं, दमट, चुरगळलेलं.

खरी परीक्षा पुढे होती. बाकीच्या पाचजणी तिला विसरल्या होत्या. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने ती पहिल्यांदा मांडली, 1921 मध्ये. लहानपणी घरच्या कोंबड्यांसमोर बसून त्याने टिपणं काढायला सुरुवात केली होती. काबरी आमच्याकडे दुसऱ्या नंबरची होती. तीन आठवडे गैरहजर राहिल्यावर ती शेवटची. तिला परसात सोडलं तर सगळ्यात धाकटी तलंग धावून आली आणि नेमकं पाठीवर, तिथेच, टोचलं. लाल दिसलं की कोंबड्या टोचतातच, त्यात दुष्टपणा नसतो, पण मला त्या तलंगीचा इतका राग आला की मी तिला हाकलून दिलं.

मग दूध संकलनाचं जुनं क्रेट उपडं घालून काबरीला त्याखाली परसातच ठेवायला लागले. त्या तिला बघायच्या, ती त्यांना बघायची, जाळीतून. दाणेही तसेच टाकायचे, क्रेटच्या आत आणि बाहेर, लागून. दहा दिवस. अकराव्या दिवशी आत्यांनी, मला न विचारता, रात्री सगळ्या झोपल्यावर काबरीला उचलून खुराड्यात दांडीवर मध्येच बसवून दिलं. सकाळी सहाही एकत्र बाहेर आल्या. टोचाटोची झाली, थोडीच. काबरी आता चौथी आहे.

काळ्याला मी भाकरी टाकणं बंद केलं नाही. आठ दिवस टाकली नव्हती, मग तो रस्त्याच्या पलीकडे बसून नुसता बघत राहायचा. त्याने जे केलं ते कुत्र्याने केलं. कडी मी घातली नव्हती.

भाद्रपद निम्मा सरलाय. काबरीच्या पाठीवर जिथे कातडी पूर्ण फाटली होती तिथे चार पिसं पांढरीशुभ्र आली आहेत, बाकी सगळी पूर्वीची करडी-काळी. जखमेने पिसाच्या मुळातला रंगच गेला की असं होतं. मला ती जवळ येऊ देत नाही. मी बसले की दोन हात लांबून वळसा घालून जाते, चिमटा आठवत असावा तिला. संध्याकाळी सगळ्या आत गेल्या की आत्या मोजतात, हात घालून प्रत्येकीच्या गळ्याखालची पिशवी चाचपतात, काबरीची दोनदा. मग मी दार लावते आणि कडी घालते, आणि ओढून बघते.